कापायला सांगितलेले दोन इंच

ब्लाऊज शिवायला आलेली बाई पहिलंच वाक्य खोटं बोलते. "काकू, माप तेच आहे हं, मागच्यासारखंच." तेच कधीच नसतं. लग्नानंतर वर्षभरात ते तेच राहत नाही, बाळंतपणानंतर राहत नाही, आणि पाळी जायच्या दिवसांत तर महिन्या-महिन्याला बदलतं. पण पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढून माझ्यापुढे टाकायचा, अंगाला टेप लावू द्यायची नाही आणि तो ब्लाऊज चार वर्षांपूर्वीचा आहे हे सांगायचं नाही, अशी आमच्याकडची पद्धत. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी बाई येऊन म्हणणार, "काकू, तुम्ही फार घट्ट शिवलात." मी म्हणते, हो बाई, चुकलंच माझं. बाजूच्या दोन टिपा उसवायच्या आणि गप्प बसायचं.

नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, कॉलनीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. पाटी नाही, कधी लागलीही नाही. माहेर माझं इगतपुरीचं, वडील रेल्वेत होते. तिथं पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत. आई ओलसर कपडे उलटे करून इस्त्रीनं वाळवायची, आणि ते काम माझ्याकडे आल्यावर कपड्याची आतली बाजू बघायची सवय मला लागली. बाहेरून सगळेच कपडे बरे दिसतात. शिवणाऱ्याची अक्कल आणि नियत बघायची असेल तर कपडा उलटा करून बघावा.

ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्लाऊज अंगाच्या मापाबरोबर कुणी कापत नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणीच्या आत दीड-दोन इंच कापड जादा राखतात. त्याला माया म्हणतात. बाई जाड झाली की टीप उसवून ते कापड बाहेर सोडायचं, बारीक झाली की आणखी आतून एक टीप मारायची. कापड कापायचं मात्र नाही. मला ज्या बाईंनी शिवण शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाइकाच्या शब्दावर कात्री चालवायची नाही. बाई हौसेनं बोलते. अंग तिचं ऐकत नाही." हे वाक्य मी तीस वर्षं पाळलं. मोडायला हवं होतं तेव्हाही मोडलं नाही, आणि आज मला त्याचाच राग येतो.

बारीक व्हायला निघालेल्या बायका मी खूप पाहिल्या. एक नवरी होती. लग्नाला तीन महिने होते आणि तिनं अंगाच्या मापापेक्षा दोन इंच लहान ब्लाऊज सांगितला. "तेवढी कमी होणारच आहे मी." तिच्या आईनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. हळदीच्या सकाळी दोघी धावत आल्या. हुक आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर, मुलगी रडून लाल झालेली. मी आतली टीप ओढून काढली आणि दहा मिनिटांत ब्लाऊज बसवून दिला. म्हटलं, "बघ, काकूनं ठेवलं होतं की नाही?" त्या लग्नात आहेराची साडी मिळाली मला.

दुसऱ्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी योगाचा वर्ग लावला, चार इंच उतरल्या, आणि माझ्या वहीतलं त्यांचं जुनं माप मला पेनानं खोडायला लावलं. "नुसतं रेघ मारून नाही, दिसता कामा नये." मी गिरवून गिरवून खोडलं. पुढच्या वर्षी त्याच्याच खाली तोच आकडा लिहिला. बाई वहीत डोकावत होत्या, मी पान तळहातानं झाकलं. त्या गेल्यावर मात्र हसले. हसले ते हसले, खोटं कशाला सांगू?

तीस वर्षं असं बघत आलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं.

अलका माझ्याकडे लग्न होऊन आली तेव्हापासूनची. सरकारी कचेरीत कारकून. सासर सायखेड्याचं, तिथं टोमॅटो, कोबी आणि दसरा-दिवाळीला झेंडू. सासूबाई आणि मोठी जाऊ मंदा शेतावर; अलका, तिचा नवरा आणि मुलगी इथं आमच्या मागच्या गल्लीत. पहिल्यांदा आली तेव्हाच ती अंगानं भरलेली होती. चाळिशीला वजन शंभराच्या वर गेलं. माझ्या वहीत छातीचं माप शेहेचाळीस. गळा बंद, बाही कोपरापर्यंत, रंग तपकिरी, काळा नाही तर गडद निळा. दुकानात कापड दाखवलं की लांबूनच म्हणायची, "तो रंग नको काकू, त्यात मी जास्त दिसते." अंग झाकण्यासाठी कपडे घालायची ती, अंगावर शोभावेत म्हणून कधी नाही. सायखेड्याला गेली की मंदा म्हणायची, "आली का आमची पाण्याची टाकी?" आणि सगळ्यांच्या आधी अलकाच हसायची. मला वाटायचं, किती हसतमुख बाई!

मग गुडघे दुखायला लागले, साखर वाढली, डॉक्टरांनी खडसावलं. रोज चालणं, भात बंद, एक भाकरी. चारेक महिन्यांनी ती दुकानात आली तेव्हा कुडता खांद्यावरून निम्म्या दंडापर्यंत उतरला होता.

"काकू, दोन ब्लाऊज आणि दोन कुडते शिवायचेत."

"आत्ता नको शिवूस," मी म्हटलं. "वजन अजून उतरतंय. थांबलं की एकदमच शिवू."

"थांबायला वर्ष लागेल. तोवर मी काय घालू?"

"आहेत ते घाल की. थोडे ढगळ दिसतील."

"ढगळ कपड्यांत मी आजारी दिसते काकू. ऑफिसात सगळे विचारतात, काय झालं, रिपोर्ट काढले का. आधी जाड म्हणून बोलायचे, आता कीव करतात. चाळीस वर्षं मी 'बारीक झाले की घालीन' म्हणत आले. मला वर्षभरानं नाही, आत्ता चांगलं दिसायचंय."

असं बोलणारी बाई माझ्या दुकानात त्याआधी आली नव्हती. मला ते पटायला दोन दिवस लागले, पण मग मी हट्टाला पेटले.

बारीक होणाऱ्या अंगाचे कपडे सांभाळणं हे नवीन शिवण्यापेक्षा अवघड. लोकांना वाटतं कमरेत दोन टिपा मारल्या की झालं. कमरेचं काही नसतं हो, कंबर कुणीही आवळेल. कपडा लटकतो तो खांद्यापासून. वजन उतरलं की खांदा उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोलाई, काखेत लोंबतो, गळा आपोआप मोठा होतो आणि आतला पट्टा दिसायला लागतो. कंबर आवळून खांदा तसाच ठेवला तर बाईनं दुसरीचा ब्लाऊज उसना आणलाय असं वाटतं. म्हणून मी बाही उतरवायची, खांदा वर घ्यायची, मुंढा नव्यानं आखायची आणि बाही परत बसवायची. त्याला नवीन ब्लाऊजपेक्षा जास्त वेळ लागतो आणि कुणाला दिसत नाही, कारण बरोबर झालेलं काम दिसतच नसतं.

आणखीही क्लृप्त्या होत्या. कपडे थोडेच ठेवायचे, एका वेळी दोन ब्लाऊज, तीन कुडते, बस्स. ब्लाऊज एकरंगी, चार साड्यांवर चालणारे. काजांच्या दोन रांगा, म्हणजे महिनाभर तरी टीप न मारता हुक आत सरकवता येईल. सलवारीला इलॅस्टिक नाही, नाडी. साडी मोठ्या मनाची असते, कमी-जास्त सगळं निऱ्यांत घेते. ब्लाऊज मात्र चुगलखोर. वजन भरभर उतरलं की दंडाची कातडी सैल पडते, त्याचं अलकाला फार वाईट वाटायचं. मी बाही कोपराच्या जरा वर आणून तिथं बारीक काठ लावला. तेवढ्यानं ती हात वर करून बोलायला लागली.

दर दीड महिन्यानं ती यायची. शेहेचाळीस, चव्वेचाळीस, साडेबेचाळीस. टेप लावली की डोळे मिटून उभी राहायची आणि आकडा ऐकला की हळूच "हं" म्हणायची. आधी मोरपंखी रंग आला, मग राणी, मग एकदा चक्क पिवळा. दुकानात बसलेल्या बायका कामं विसरून तिच्याकडे बघायच्या. अलकाला असं दिसताना बघून मला जे वाटायचं ते सांगते. मला वाटायचं, ही माझी आहे. मी घडवतेय हिला. चालत होती ती, भात सोडला होता तिनं, आणि ऐट माझी.

दीड वर्षानं छाती अडतीसवर आली आणि तिथं थांबली. नेमकं तेव्हाच मंदाच्या मुलीचं लग्न ठरलं. अलकानं पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीनं येवल्याहून पैठणी आणली, जांभळी. त्यातलाच ब्लाऊजपीस घेऊन आली. माप घेऊन झालं तरी ती जाईना.

"काकू, एक मागायचंय. ह्याची आतली माया कापून टाका."

"वेडी आहेस का? रेशीम आहे हे. कापलं की गेलं."

"म्हणूनच कापा. घरात सगळे वाट बघतायत माझी. नवरा म्हणतो, जुने ब्लाऊज टाकू नकोस, लागतील. सासूबाईंनी तर माझे जुने कपडे गाठोड्यात बांधून सायखेड्याला नेऊन ठेवलेत. परत लागतील म्हणून! मला एक तरी कपडा असा पाहिजे, ज्यात परत जाड व्हायची सोयच नाही. कापाल ना?"

"कापते," मी म्हटलं.

कात्री मी खरंच उचलली होती. ब्लाऊज मशीनवरून उतरला होता, उलटा करून पाटावर पसरला होता, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या जांभळ्या पट्ट्या. आणि हात पुढे जाईना. ती हळदीची नवरी आठवली. वहीतलं गिरवलेलं माप आठवलं. मनात म्हटलं, वर्षभरात ही येईल रडत, की काकू, थोडा मोठा होतो का बघा. तेव्हा काय सांगू, कापून टाकलं? मी कात्री ठेवली. त्या पट्ट्या आत दुमडल्या आणि अस्तराला हातशिलाईनं अशा बेमालूम बसवल्या की बोट फिरवलं तरी कळू नये. आयुष्यात इतकी सफाईदार हातशिलाई मी केली नाही. फसवायला कसब जास्त लागतं.

ब्लाऊज घ्यायला आली तेव्हा तिनं विचारलंसुद्धा. "कापलंत ना?" मी म्हटलं, "हो गं."

लग्न गावाबाहेरच्या लॉन्सवर होतं. साऱ्या घराचे ब्लाऊज माझ्याकडचे, म्हणून मलाही बोलावणं होतं. नवरीच्या खोलीत निऱ्या घालून द्यायला मी सकाळपासून हजर. उकाडा असा की पावडर ओघळत होती. अलका खोलीत आली आणि बोलणाऱ्या बायका थांबल्या. जांभळ्या पैठणीत ती ताठ उभी होती. खांद्यावर सुरकुती नाही, मुंढ्यात चुणी नाही. मी कोपऱ्यातून बघत होते आणि आत कुठंतरी सांगावंसं वाटत होतं, हे माझ्या हातचं आहे म्हणून.

सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "लय वाळली गं. तोंडावरचं त्येज गेलं." अलका हसली नाही. मला ते नवीन होतं.

तेवढ्यात तिच्या पाठीचा खालचा हुक निघाला. "मंदाताई, जरा लावता का?" मंदानं हुक ओढून धरायला बाजूनं बोटं आत घातली आणि तिथंच थांबली. नखानं काहीतरी चाचपलं. मग ब्लाऊजची खालची कड उलटी करून आत वाकून बघितलं. हातशिलाई बोटाला कळू नये अशी होती, पण मंदाचा हात शेतातला, त्याला सगळं कळतं.

"अगं बया, इथं तर दोन-दोन बोटं कापड दडवलंय! ह्या बाजूलाबी हे!" ती खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली. "काकू लय हुशार बरं का! तिला ठावं हे, आमची टाकी परत भरनार!"

खोली हसली. नवरीसुद्धा हसली, मेंदीचे हात वर धरून. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं बाई. आंगाचा काय भरवसा? आज हाय, उद्या नाय."

आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कौतुकानं. मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी मला बरं वाटलं. एवढ्या बायकांत माझ्या शहाणपणाची वाहवा झाली होती. मी म्हणाले, "अहो, धंद्याची रीतच आहे ती." आणि मीही हसले.

अलका आरशासमोर उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मग पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, पुढे आणला आणि घट्ट धरला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, फोटो झाले, मुलीची पाठवणी झाली. त्या उकाड्यात तिनं तो पदर एकदाही खाली सोडला नाही. माझ्या हातून झालेला सगळ्यांत चांगला ब्लाऊज त्या दिवशी कुणाला दिसलाच नाही.

चार दिवसांनी ती दुकानात आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं ब्लाऊज पाटावर ठेवला.

"काकू, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच ठेवलं ते. उद्या काही झालं तर..."

"काय होणार होतं?"

मी उगाच ब्लाऊजच्या बाह्या सारख्या करायला लागले.

"घरच्यांचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "ते रोज जेवताना माझ्या ताटाकडे बघतात, मला माहीत आहे कशासाठी. पण तुमच्या तर हातात टेप होती ना? अर्धा-अर्धा इंच कमी होताना तुम्ही बघितलंत. बाकी कुणी बघितलं नाही. तरी तुम्हाला खरं वाटलं नाही?"

"तसं नाही अलका. रीत असते..."

"कात्री द्या."

शिंपी आपली कापडाची कात्री दुसऱ्याच्या हातात देत नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली तर मी दोन दिवस बोलले नव्हते. अलकाला मी ती मुकाट्यानं दिली. तिनं अस्तराचे टाके पटापट तोडले आणि ती जांभळी पट्टी कापायला लागली. तिला कापता कुठं येत होतं? कात्री वेडीवाकडी जात होती, रेशमाचे दोरे सुटत होते, एका जागी तर टीपच कापली गेली. मी "थांब, मी देते कापून" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कापून झाल्यावर तिनं त्या पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या, कात्री त्यावर ठेवली, आणि ब्लाऊज पिशवीत घालून गेली. परत आली नाही.

आता यापुढचं सांगायला मला जड जातंय. पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

पहिले सहा महिने मी म्हणत होते, राग गेला की येईल. ती आली नाही. मग मी दुसरी वाट बघायला लागले. ऑफिसला जाताना ती माझ्या दारावरूनच जाते. ती दिसली की माझी नजर आधी तिच्या कमरेवर जायची. मग दंडावर, मग हनुवटीखाली. कुठं अर्धा इंच तरी वाढलाय का? थंडीत जरा जाड स्वेटर दिसला तरी माझा जीव सुपाएवढा व्हायचा. ती परत जाड व्हावी असं मला वाटत होतं. देवाला नारळ बोलले नाही एवढंच. ती जाड झाली असती तर मी बरोबर ठरले असते, आणि ती रडत का होईना, माझ्याकडे आली असती. ज्या बाईनं माझ्यावर एवढा विश्वास टाकला तिच्या वाईटावर मी टपून बसले होते, सासू आणि जावेसारखीच. त्या निदान तोंडावर बोलत होत्या.

दोन वर्षं झाली, ती होती तेवढीच आहे. फक्त कपडे बिघडले तिचे. कुणाकडे शिवते कोण जाणे. खांदा पाव इंच बाहेर, मुंढ्यात चुण्या, बाही एकीकडे वर एकीकडे खाली. कष्टानं कमावलेलं अंग आणि त्यावर तसले ब्लाऊज. रोज सकाळी माझ्या दारावरून ते जातं, आणि मला इथून दिसतं की कुठं टीप हवी, कुठं कात्री. बोलायची सोय नाही.

या वर्षी मनाशी ठरवलं की माफी मागायची. पण मला बोलून माफी मागता येत नाही, शिवूनच येते. कैरीच्या रंगाचं सुती रेशमी कापड आणलं. माप मागायला तोंड नव्हतं. वहीतलं माप दोन वर्षांपूर्वीचं, ते मुद्दामच उघडलं नाही. नजरेनं माप घेणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत वरची विद्या. बाई दारातून आत येईपर्यंत मी तिची छाती, कंबर, खांदा सांगू शकते आणि टेप लावली तर पाव इंचाचा फरक पडत नाही. अलका तर रोज डोळ्यांसमोरून जाते. चार सकाळी खिडकीत उभी राहून बघितलं आणि कापलं. ह्या वेळी आत काही ठेवलं नाही. शिवणीला लागतं तेवढं अर्धं बोट, बाकी सगळं कापून टाकलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं आणि "या काकू" म्हणाली. पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मी चहा नको म्हणून पिशवीतून ब्लाऊज काढला आणि उलटा करूनच तिच्यापुढे धरला.

"आत बघ. काही ठेवलेलं नाही."

तिनं दोन्ही शिवणींवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

"घालून येते," ती म्हणाली.

मी सोफ्यावर बसून राहिले. दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. वाटलं, आता येईल, आरशात बघेल, आणि मग मी सांगेन की मी किती नीच वागले, खिडकीतून काय काय बघत बसायची. सगळं सांगून टाकेन. ती हसेल किंवा रागावेल, पण दुकानात येईल.

ती बाहेर आली. खांदा बरोबर होता. गळा बरोबर, मुंढा बरोबर, बाही तर अशी की बघत राहावं. छातीपासून खाली मात्र दोन्हीकडून ब्लाऊज लोंबत होता. एवढा, की मला बसल्या जागेवरून दिसला.

"आणखी कमी केलंस का वजन?" मी घाईघाईनं विचारलं.

"नाही हो. दोन वर्षं काटा जागचा हललेला नाही."

ती आरशापुढे गेली. दोन्ही बाजूंचं जादा कापड तिनं चिमटीत धरलं, एकेक इंच. तेवढं धरल्यावर ब्लाऊज अंगावर चोख बसला. तशीच चिमटीत धरून ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"काकू," ती म्हणाली, "मी तुम्हाला अजून एवढी दिसते?"